थायरॉईडची गोळी चालू केली की पोरगं बोलायला लागेल का?

गडहिंग्लजकडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा साडेतीन वर्षांचा, दोन महिन्यांपूर्वी ऑटिझम आहे असं निदान झालं. नावानं हाक मारली तर वळून बघत नाही, शब्द सगळे मिळून सात-आठ, तासन्‌तास खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसतो. मग कुणीतरी सुचवलं म्हणून रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं) ७.८ आला, फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. आता घरात सासूबाईंचं म्हणणं की हे सगळं थायरॉईडचंच आहे, गोळी चालू करा आणि थेरपीसाठी दर आठवड्याला कोल्हापूरच्या खेपा मारताय त्या बंद करा. आणि ताईंचं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे. त्यांना प्रेग्नन्सीत टीएसएच ६.२ निघाला होता, टी४ नॉर्मल होता, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती पण उलट्यांमुळं पहिले दीड-दोन महिने ती घेतलीच गेली नाही. शेवटी लिहिलंय, "मॅडम, हे माझ्यामुळं झालं का?"

मी कोल्हापुरात बावीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय, त्यातली बरीच वर्षं बोलायला, चालायला, शिकायला उशीर होणाऱ्या मुलांसोबत गेली. त्यामुळं आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही.

ताई, तुमच्यामुळं झालं असं म्हणायला माझ्याकडे कुठलाही आधार नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, त्यामागचा अभ्यास सांगते, जरा धीर धरून वाचा.

पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास काम सुरू करते आणि खऱ्या अर्थानं जोर धरते ती अठरा-वीस आठवड्यांनी. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं थायरॉईड हार्मोन आईकडूनच जातं. याच काळात मेंदूतल्या पेशी तयार होऊन आपापल्या जागेवर जाऊन बसत असतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय की या काळात आईचं हार्मोन कमी पडलं तर काही पेशी भलत्याच थरात जाऊन बसतात. म्हणून शास्त्रज्ञांना शंका आली की ऑटिझमशी याचा संबंध असेल का. शंका रास्तच होती.

मग नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात चार हजारांहून जास्त आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. ज्या आयांचा टी४ प्रेग्नन्सीच्या सुरुवातीला फारच कमी होता त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी ऑटिझमसारखी लक्षणं असण्याची शक्यता जवळजवळ चौपट दिसली. चौपट हा शब्द ऐकला की छातीत धस्स होतं, हीच बातमी फिरत फिरत तुमच्यापर्यंत आली असणार. पण हिशोब करून बघा. त्या सगळ्या मुलांत अशी लक्षणं असणारी शंभरात साधारण दोन होती. ढोबळमानानं दोनाची सात-आठ झाली असं धरलं तरी उरलेल्या ब्याण्णव-त्र्याण्णव मुलांना, ज्यांच्या आईचा टी४ इतका कमी होता त्यांनासुद्धा, तसं काही नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, तिथं संबंध दिसला तो फार कमी टी४शी, आईच्या टीएसएचशी संबंध दिसला नाही. तुमचा टी४ नॉर्मल होता, टीएसएच थोडासा वाढलेला होता. म्हणजे ज्या आयांबद्दल ती बातमी आहे त्यांच्यात तुम्ही बसतच नाही.

फिनलंडमधला अभ्यास २०१५ चा. तिथं आईच्या रक्तात थायरॉईडच्या विरोधातल्या अँटीबॉडीज, ज्याला लॅबच्या कागदावर अँटी-टीपीओ लिहितात, त्या बघितल्या. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांमध्ये त्या शंभरात सहा जणींना सापडल्या, बाकीच्या मुलांच्या आयांमध्ये शंभरात साडेतीन जणींना. फरक आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण ऑटिझम असलेल्या मुलांच्या शंभरातल्या चौऱ्याण्णव आयांना त्या अँटीबॉडीज नव्हत्याच हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता कुणी म्हणेल, संबंध आहे तर प्रेग्नन्सीत गोळी देऊन मुलांचा फायदा व्हायला पाहिजे. ते पण करून बघितलंय. ब्रिटन आणि इटलीत मिळून बावीस हजारांच्या आसपास गरोदर बायकांची तपासणी करून ज्यांचं थायरॉईड थोडं कमी होतं त्यांना गोळी दिली, तिसऱ्या वर्षी मुलांच्या बुद्ध्यांकात काही फरक सापडला नाही, हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या अभ्यासात, २०१७ साली, पाचव्या वर्षीही फरक नाही. यात एक गोम आहे, या दोन्हीकडे गोळी सुरू झाली ती तेराव्या आठवड्याच्या आसपास किंवा त्याच्याही नंतर, आणि मोजला तो बुद्ध्यांक. त्यामुळं विषय संपला असं नाही. पण सौम्य थायरॉईडची गोळी चुकली म्हणून पोराला ऑटिझम झाला, असं एका आईकडं बोट दाखवून म्हणायला यातलं काहीच पुरत नाही.

ऑटिझमचा सगळ्यात मोठा भाग जनुकांमध्ये आहे. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी बघून २०१९ साली जो आकडा आला तो सुमारे ८० टक्के. उरलेल्यात बऱ्याच बारीक बारीक गोष्टी, त्यातलीच एक कदाचित थायरॉईड. उलट्यांत गोळी पोटात ठरत नाही हे जगातल्या कुठल्याही गरोदर बाईचं होतं ताई. हे तुम्ही सासूबाईंना वाचून दाखवलं तरी चालेल.

आता पोराच्या थायरॉईडकडे येऊ. इथं लोकांची खरी गल्लत होते, कारण लहान मुलांचा थायरॉईड म्हणजे एकच आजार नाही, आणि कुठल्या वयात झाला यावर सगळं ठरतं.

जन्मापासून थायरॉईड कमी असणं ही वेगळीच आणि फार गंभीर गोष्ट. आपल्या देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागं एकाला असतं, म्हणजे दुर्मिळ म्हणावं असं नाही. मेंदूला पहिली दोन-तीन वर्षं हे हार्मोन लागतंच लागतं, ते मिळालं नाही तर कायमचं नुकसान होतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर तेच मूल बाकीच्यांसारखं शाळेत जातं. एवढा फरक. पण बाळ जन्मतं तेव्हा बघून कळत नाही, आईचं हार्मोन अजून अंगात असतं. नंतर हळूहळू दिसायला लागतं, कावीळ लांबते, बेंबी बाहेर येते, शी चार-चार दिवस होत नाही, रडणं घोगरं, जीभ मोठी, आणि बाळ सारखं झोपलेलं. आपल्याकडे अशा बाळाचं कौतुक होतं, "लई शांत हाय वो, अज्याबात तरास न्हाई." हे वाक्य ऐकलं की मी अजून सावध होते.

कारण अशीच एक मुलगी राधानगरीकडून माझ्याकडे आली होती, बरीच वर्षं झाली. तीन वर्षांची. बाहेरून येतानाच ऑटिझम म्हणून शिक्का घेऊन आलेली, बोलत नाही, बघत नाही, खेळत नाही. मी तिला उभी केली, उंची मोजली तर दीड वर्षाच्या पोरीएवढी. कातडी कोरडी खरखरीत, पोट पुढं, बेंबी बाहेर. टीएसएच शंभरच्या वर. बाळंतपण आईच्या माहेरी झालेलं, जन्मल्यावर थायरॉईड तपासायला टाचेचं रक्त घेतात ते कुणी घेतलंच नव्हतं. गोळी सुरू केली आणि दोन-तीन महिन्यांत पोरगी जागी झाल्यासारखी झाली, पोट साफ व्हायला लागलं, बापाच्या अंगावर चढायला लागली, हाक मारली की हसायची, वर्षभरात उंची भराभर वाढली. तिला ऑटिझम नव्हताच. पण शिकण्यात ती मागं राहिली ती राहिलीच, तीन वर्षं मेंदूला जे मिळालं नाही ते नंतर कुठल्या गोळीनं भरून देता आलं नाही. तिचा बाप अजून कधी एसटी स्टँडवर भेटतो, आणि दरवेळी विचारतो, जन्मली तेव्हाच तपासलं असतं तर. मी खोटं सांगू शकत नाही, हो म्हणते.

म्हणजे बघा, थायरॉईडमुळं ऑटिझमसारखं दिसणारं मूल असतं. थायरॉईडही आहे आणि ऑटिझमही आहे असंही असतं, डाऊन सिंड्रोमच्या मुलांत तर दोन्ही जास्त प्रमाणात दिसतं. आणि ऑटिझम असलेलं मूल, ज्याचा टीएसएच सहज तपासला म्हणून थोडा जास्त निघाला, असंही असतं. तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

तुमचा मुलगा मला लिहिलेल्यावरून तिसऱ्यातला वाटतो. लहान मुलांत टीएसएच ५ ते १० च्या मध्ये आणि फ्री टी४ नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा काही महिन्यांनी तो आपोआप खाली येतो किंवा तसाच राहतो, त्रास देत नाही. वजन जास्त असेल तरी थोडा वाढतो, नुकतंच आजारपण झालेलं असेल तरी वाढतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्यानंही वाढतो, आणि ऑटिझमच्या काही मुलांना फिट्स असतात म्हणून हे मी मुद्दाम विचारते. अशा टीएसएचनं मुलाचं बोलणं थांबत नाही, नजर चुकवणं येत नाही, चाक फिरवणं येत नाही. आणि साडेतीन वर्षांनंतर मोठ्या मुलांना जो हाशिमोटो नावाचा थायरॉईड होतो, शाळेत जाणाऱ्या मुलींत जास्त, त्यात मूल सुस्त होतं, उंची थांबते, अभ्यासात लक्ष लागत नाही, पण त्यानं ऑटिझम सुरू होत नाही, ऑटिझमची मुळं पार आधीची असतात.

तेव्हा सासूबाईंना सरळ उत्तर असं की गोळीनं पोरगं बोलायला लागणार नाही. थायरॉईड खरंच कमी असेल तर गोळीनं वाढ सुधारेल, पोट साफ होईल, अंगात तरतरी येईल आणि तरतरी आली की थेरपीत मूल जास्त साथ देईल, हे खरं आहे आणि तेवढंच खरं आहे. गरज नसताना गोळी दिली तर मात्र उलटं होतं, झोप उडते, चिडचिड वाढते, छाती धडधडते, आणि आधीच झोपेचा प्रॉब्लेम असलेल्या पोराच्या घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मला जास्त भीती आहे ती थेरपी बंद करण्याची. इचलकरंजीचं एक कुटुंब होतं, चांगलं, पोरावर जीव टाकणारं. टीएसएच ८ निघाला म्हणून कुणीतरी गोळी दिली आणि त्यांनी ठरवलं, आधी थायरॉईड नॉर्मल होऊ दे मग स्पीच थेरपी बघू. दर महिन्याला रक्त, दर महिन्याला आकडा, एक वर्ष गेलं. आकडा नॉर्मल झाला, पोरगं तिथंच. तीन ते चार हे वर्ष फार मोलाचं असतं हो, मेंदू ओल्या मातीसारखा असतो तेव्हाचा, ते वर्ष मी परत आणून देऊ शकले नाही. नंतर थेरपी सुरू केली आणि तो बऱ्यापैकी बोलतो आज, पण आई अजून त्या वर्षाचं बोलते.

मग आता नेमकं करायचं काय. टीएसएच आणि फ्री टी४ दोन-तीन महिन्यांनी परत करा, त्यासोबत एकदा अँटी-टीपीओ करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एक गोष्ट फार कमी लोक विचारतात, मुलाला कुठलं सप्लिमेंट चालू आहे का बघा. ऑटिझमच्या मुलांना केसांसाठी नाहीतर "मेंदूसाठी" म्हणून जी पावडर, सिरप देतात त्यात कधी कधी बायोटिन भरपूर असतं, आणि त्यानं काही मशीनवर थायरॉईडचा रिपोर्टच चुकतो, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी ते बंद ठेवायचं. आणि बरोबर उंची-वजनाचा कागद घेऊन या. अंगणवाडीतल्या जुन्या नोंदी असल्या तरी चालतात. या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढतं, तक्त्यावरची उंचीची रेघ तशी नीट चढत असेल तर थायरॉईडची मला फारशी काळजी वाटत नाही, रेघ आडवी झाली असेल तर मी टीएसएच कितीही असो मागं लागते. बद्धकोष्ठता एकटी असेल तर तीवरून काही ठरवू नका, आमच्याकडं येणारी निम्मी पोरं फक्त पांढरा भात, बिस्किट आणि चिप्स खातात, भाजीला हात लावत नाहीत, पोट कसं साफ होणार.

कान तपासलेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. बेरा टेस्ट झाली नसेल तर ती थायरॉईडच्याही आधी करा. हाकेला न वळणारं प्रत्येक मूल आधी ऐकतंय का हे बघायचं असतं. जन्मजात थायरॉईडच्या मुलांत कान कमी असण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि पेंड्रेड नावाचा एक आनुवंशिक आजार आहे त्यात तर ऐकू कमी येणं आणि गळ्याला थायरॉईडची सूज हे दोन्ही एकत्र येतं.

आता खाण्याचं. हे मला जरा जोर देऊन सांगायचंय कारण गेल्या काही वर्षांत रोज बघतेय. निदान झालं की लोक पहिल्यांदा गहू आणि दूध बंद करतात. कोल्हापूरचं पोर, संध्याकाळी गंगावेशीला कट्ट्यावर बापाबरोबर धारोष्ण दूध प्यायला जाणारं, त्याचं दूध एका दिवसात बंद. त्याच आठवड्यात घरात साधं मीठ जाऊन सैंधव येतं, कारण ते "नॅचरल". आता मुलांना आयोडीन मिळतं कुठून तर मुख्यतः आयोडीनयुक्त मीठ आणि दूध, आपण काही रोज समुद्राचे मासे खाणारे नाही. दोन्ही एकदम काढलं की ज्या थायरॉईडला काही झालं नव्हतं त्याचा टीएसएच वर जायला लागतो. मग लोक म्हणतात बघा, ऑटिझममुळं थायरॉईड झाला. तसं नाही, तो आपण स्वयंपाकघरातून आणला. सरकारनं १९६२ पासून गलगंडाविरुद्ध कार्यक्रम चालवला, मिठात आयोडीन घालायला लावलं, घरात पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत पंधरा) आयोडीन राहायला पाहिजे असा नियम केला, ती कमाई आपण गुलाबी खड्यांसाठी सोडून द्यायची नाही. पाकिटावर आयोडाइज्ड लिहिलंय ते मीठ आणा, झाकण लावून ठेवा, चुलीजवळ ठेवू नका. दूध खरंच सोसत नसेल तर सोसत नाही, तेव्हा डॉक्टरला विचारून पर्याय ठरवू. पण आयोडीनचे थेंब नाहीतर समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आपल्या मनानं देऊ नका, जास्त आयोडीननंही थायरॉईड बिघडतो.

आणि तुम्हाला दुसरं मूल हवं असेल, तुम्ही लिहिलं नाहीये पण ही भीती आत असते म्हणून बोलते, तर घाबरून थांबू नका. दिवस राहायच्या आधीच टीएसएच तपासून घ्या. तुम्ही गोळीवर असाल तर दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा, कारण बहुतेक बायकांना डोस पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि गोळीवर असताना टीएसएच अडीचच्या खाली ठेवायचा बघतात. सकाळी उलट्या होत असतील तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन-चार तासांनी गोळी घेतली तरी चालते, हे तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर ते दीड-दोन महिने गेले नसते. सकाळी घेत असाल तर चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास, आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब, नाहीतर त्या थायरॉईडची गोळी पोटातच अडवतात. बाळ झाल्यावर घरी सोडायच्या आधी टाचेच्या रक्तातून टीएसएच मागून घ्या. ही तपासणी आपल्याकडे देशभर सगळ्या बाळांना सक्तीनं होत नाही, त्यामुळं मागावी लागते. अठ्ठेचाळीस तास झाल्यावर रक्त घेतलेलं बरं, कारण जन्मल्यावर पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्यांचाच उसळतो आणि उगाच घाबरगुंडी होते. लवकर घरी जाणार असाल तर जन्मताना नाळेतल्या रक्तावरही करता येतं, डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि बाळंतपण माहेरी असो की सासरी, तो रिपोर्ट बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाला पिन मारून ठेवा.

थेरपीच्या खेपांचं म्हणाल तर गडहिंग्लज ते कोल्हापूर रोज शक्य नाही मला कळतं. आरबीएसकेची, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते, त्यांना सांगून जिल्ह्याच्या डीईआयसीची, म्हणजे वाढीत मागं पडणाऱ्या मुलांसाठीच्या सरकारी केंद्राची चिठ्ठी घ्या, तिथं तपासणी आणि थेरपी मोफत असते. आठवड्यातून एकदा या, पण थेरपिस्टला घरी करायचं शिकवायला सांगा, आणि शिकायला एकट्या येऊ नका, सासूबाईंना घेऊन या. दिवसभर पोर त्यांच्याजवळ असतं, त्यांनी एकदा थेरपी कशी चालते ते बसून बघितलं की गोळीचा हट्ट बहुतेक सुटेल, असं मी पुष्कळ घरांत बघितलंय, आणि आजी मनावर घेते तेव्हा पोराचा दिवसच बदलतो.

पुढच्या वेळी टीएसएच १० च्या वर आला, किंवा फ्री टी४ खाली गेला, किंवा अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आला, किंवा उंचीची रेघ आडवी दिसली, यातलं एक जरी असलं तर लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवायचं, वाट बघायची नाही. तोवर गोळी नको, थेरपी चालू, मीठ आयोडीनचं. रिपोर्टचे आकडे, उंची-वजन आणि कानाच्या टेस्टचं काय झालं ते लिहून कळवा.